नव्याच्या भावात जुना माग

एका गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. अकरा वर्षं त्यांनी संसार केला, आणि बाराव्या वर्षी दोघांनी पाटलांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, की आता पुरे. भांडण कशावरून सुरू झालं हे मात्र दोघांनाही नीट सांगता येईना. विणकर म्हणाला, मिठावरून. बायको म्हणाली, मिठावरून नव्हे, मीठ आणायला कोण जाणार यावरून. पंचांनी दोन दिवस समजूत घातली. तिसऱ्या दिवशी त्यांनाच कंटाळा आला.

नवराबायको वेगळी होत तेव्हा पंचांनी गवताची एक काडी मोडायची आणि अर्धी अर्धी दोघांच्या हातात द्यायची, अशी त्या गावची रीत होती. काडी मोडली की नातं मोडलं. पण आधी वाटणी, मग काडी, असा नियम होता. एकदा काडी हातात पडली की कोणी कोणाचं ऐकत नाही, हे पंचांना अनुभवानं ठाऊक होतं.

घर विणकराच्या वडिलांचं, ते त्याच्याकडे राहिलं. भांडी वाटली, ज्वारी मापानं वाटली. शेळी विणकराला आणि तिची दोन करडं बायकोला गेली. सुताच्या कांड्या भरायचा रहाट बायकोला द्यावा, असं पाटील म्हणत होते, तेवढ्यात विणकर म्हणाला, "रहाट मला पाहिजे." त्या रहाटाला त्यानं अकरा वर्षांत हात लावला नव्हता. पण बायकोला मिळतोय म्हणताच त्याला तो हवासा वाटला. बायकोनं वाद घातला नाही. तिचं लक्ष मागाकडे होतं.

वेगळं झाल्यावर तिला भावाच्या गावी जायचं होतं. भाऊ मायाळू होता, भावजयही वाईट नव्हती. पण रोज दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी मान खाली घालूनच खावी लागते. हाताशी माग असला, तर ती स्वतःच्या पोटापुरतं विणू शकणार होती. तिला एवढंच हवं होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रहाटासारखाच माग गेला असता.

आता मागाचे काही दोन तुकडे होत नाहीत. म्हणून पंचांनी ठरवलं, की जुना माग विकायला काढला तर आज काय किंमत येईल ते बघायचं. ज्याला माग हवा त्यानं तो ठेवावा आणि निम्मी किंमत दुसऱ्याला द्यावी. "सोपं आहे," पाटील म्हणाले. गावातले सगळे घोळ याच दोन शब्दांनी सुरू होतात.

"माग कोण ठेवणार?" पाटलांनी विचारलं.

"मी. दुसरं कोण?" विणकर म्हणाला.

"आणि किंमत?"

"जुना झालाय हो. लाकूड खिळखिळं झालंय, फणीचे दात गेलेत. दहा रुपये म्हणजे डोक्यावरून पाणी."

"दहाच का?" बायको म्हणाली. "मग मी ठेवते. हे घ्या तुमचे पाच."

विणकर गडबडला. "तसं नव्हे. अस्सल सागाचा माग आहे. अजून दोन पिढ्या हलणार नाही. साठ रुपये कुठं गेले नाहीत त्याचे."

"बरं, मग तुम्हीच ठेवा. मला तीस द्या."

"तीस? त्या मोडक्या मागाचे?"

पाटील पान लावत होते. त्यांनी चुना लावलेलं बोट तसंच वर धरलं. "अहो, माझं पान लावून व्हायच्या आत माग दहाचा साठाचा झाला आणि साठाचा मोडका झाला. मी धरू काय?"

विणकराला तरी कुठं कळत होतं? माग आपल्याकडे येणार म्हटलं की त्याला तो स्वस्त हवा होता, बायकोकडे जाणार म्हटलं की महाग. आणि कोणाकडे जाणार ते ठरतच नव्हतं, कारण किंमत ठरत नव्हती.

त्यात एका पंचाला खड्ड्याची आठवण झाली. माग जमिनीत खड्डा खणून बसवलेला होता. विणणाऱ्यानं काठावर बसून खड्ड्यात पाय सोडायचे, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी कांडी घातलेला धोटा इकडून तिकडे फेकायचा. पंच म्हणाला, "खड्डा खणायला तीन दिवसांची मजुरी लागते. ती किमतीत धरा." दुसरा म्हणाला, "खड्डा म्हणजे जिथं काही नाही अशी जागा. काही नसण्याची किंमत कशी धरायची? उलट बुजवायचा खर्च वजा करा." यावर संध्याकाळपर्यंत चर्चा झाली आणि शेवटी कोण धरा म्हणत होता आणि कोण वजा करा म्हणत होता, हे त्या दोघांनाच आठवेना.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. त्यानं माग ठोकून पाहिला आणि म्हणाला, "लाकूड म्हणून बारा रुपये." मग कापडाच्या व्यापाऱ्याला विचारलं. त्यानं या मागावर वर्षाला किती लुगडी निघतात ते बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "दोनशे." पाटलांनी बारा आणि दोनशे मिळवून निम्मे करायला घेतले, पण हे आपण कशाचं निम्मं करतोय असं मनात येऊन ते मध्येच थांबले.

अखेर पंचांनी जुन्या मागांचा धंदा करणाऱ्या एका म्हाताऱ्याला निरोप धाडला. तो बैलगाडी घेऊन गावोगाव फिरे, मोडलेल्या घरांतले माग विकत घेई आणि नव्या घरांत विके.

म्हातारा यायच्या दिवशी विणकर पहाटेच उठला. मागाला तेल लावून चकचकीत करावा, की धूळ टाकून आणखी जुना दिसू द्यावा, हे त्याला ठरवता येईना. मग त्यानं डावी बाजू तेलानं पुसली आणि उजवी तशीच कळकट ठेवली. वेळ येईल ती बाजू दाखवायची. बायकोनं आपलं गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि त्यात खड्ड्यातली एक लाकडी फळीही खोवली होती. वाटणीच्या यादीत फळी नव्हतीच. ती कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

म्हाताऱ्यानं तेलाकडे पाहिलं नाही आणि धुळीकडेही पाहिलं नाही. तो खड्ड्यात उतरला आणि भिंती चाचपू लागला.

"इथं दोन्ही बाजूंना खाचा आहेत," तो म्हणाला. "यात फळी बसत होती. कुठं गेली?"

बायकोनं गाठोड्यातून फळी काढून दिली. "माझे पाय पुरत नाहीत म्हणून घालते," ती म्हणाली. "खड्डा यांच्या पायांच्या मापाचा आहे. फळीवर पाय टेकले की मग पावडीवर जोर येतो."

"म्हणजे तू पण विणतेस?" पाटलांनी विचारलं.

"कापड विकायला हे बाजारांना जातात. आठवड्यातले चार दिवस."

"मधूनमधून बसते ती," विणकर म्हणाला. "ते काय विणणं झालं?"

म्हातारा म्हणाला, "चालवून दाखवल्याशिवाय मी जुन्या मागाची किंमत करत नाही. दोघांनीही वीत वीत विणा."

आधी विणकर बसला. त्याचं कापड घट्ट आणि साधं उतरलं. मग फळी घालून बायको बसली. तिनं लुगड्याचा काठ विणायला घेतला, तोच लाल-पिवळा काठ, ज्याच्यासाठी बाजारात लोक विणकराला नावाजत असत. विणकर छताकडे बघू लागला.

"ऐका," म्हातारा म्हणाला. "हे बसणार असतील तर माग तीस रुपयांचा. ही पोर बसणार असेल तर नव्या मागालाही मागं सारील, कारण धोट्याची वाट तिच्या हातांनी गुळगुळीत झालीय. आणि माझ्या गाडीत टाकलात तर पंधराचा. नवा माग आज पन्नासला पडतो."

"एक किंमत सांगा हो," पाटील काकुळतीला आले.

"एक किंमत नव्या वस्तूला असते. वापरलेल्या वस्तूला विचारावं लागतं, कोणाच्या हाती जाणार?"

"तेच तर ठरत नाही."

म्हातारा हसला. "मग भाकरीचा न्याय लावा. दोन पोरांत एकच भाकरी असली की एकानं मोडायची आणि दुसऱ्यानं आवडेल तो तुकडा उचलायचा. एकानं किंमत सांगावी. माग ठेवायचा की निम्मे पैसे घ्यायचे, ते दुसऱ्यानं ठरवावं."

पाटलांनी आधी विणकराला विचारलं. तो दहा म्हणायला गेला, तर बायको माग उचलेल. साठ म्हणायला गेला, तर तीस रुपये त्यालाच मोजावे लागतील. मधला आकडा सांगावा, तर दोन्हीकडून नुकसान दिसायला लागलं. बराच वेळ तो नुसतं "म्हणजे… पण…" करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तिला सांगू दे."

"पन्नास," बायको म्हणाली.

विणकराला हसू आवरेना. नव्याच्या भावात जुना माग! इतकी वर्षं काठ विणला, पण हिला व्यवहार कळत नाही तो नाहीच. तीसच्या वस्तूचे पन्नास धरून आपण कशाला ठेवू? त्यानं झटकन सांगितलं, "माग तिला द्या. मला पंचवीस रुपये द्या."

बायकोनं पायातले चांदीचे तोडे उतरवले आणि पाटलांसमोर ठेवले. त्यांचे पंचवीस येतात, हे ती सराफाला आधीच विचारून आली होती. पाटलांनी तोडे पारखून घेतले आणि विणकराच्या हातात रोख पंचवीस ठेवले. मग काडी मोडली. विणकरानं आपला अर्धा तुकडा बायकोच्या तुकड्याशेजारी धरून पाहिला, तिचा लांब तर नाही ना म्हणून.

माग सुटा करून भावाच्या गाडीत चढवला. विणकर घरी आला, सवयीनं खड्ड्याच्या काठावर बसला आणि पाय खाली सोडले. पायाखाली काही नव्हतं. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण विणकर आहोत आणि आपल्याकडे माग नाही.

तो पंचवीस रुपये घेऊन सुताराकडे गेला. सुतार म्हणाला, "पंचवीसमध्ये अर्धा माग होईल. पण अर्ध्या मागावर अर्धं कापडही होत नाही." शेळी विकून पाहिली, तर चारच रुपये आले. ते आणि पंचवीसांतले बरेचसे पावसाळ्यात पोटात गेले. उरला रहाट. त्यावर बसून विणकर इतर विणकरांसाठी कांड्या भरू लागला. पहिल्या दिवशी सूत दहादा तुटलं, आणि हे काम इतकं अवघड असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वर्षभरानं कांड्यांची टोपली घेऊन तो तिच्या भावाच्या गावच्या बाजाराला गेला. कांड्या कोण घेतं विचारलं, तर लोकांनी एका पडवीकडे बोट दाखवलं. तिथं ती माग चालवत होती. खड्डा तिच्या पायांच्या मापाचा खणलेला होता. फळी आता भिंतीला होती, आणि तिच्यावर लाल-पिवळ्या सुताच्या लडी ठेवलेल्या होत्या.

तिनं कांड्या मोजून घेतल्या, एक सैल होती ती बाजूला काढली आणि बाकीच्यांचे पैसे चोख दिले. पाणी दिलं. तो पाणी प्यायला, तरी उठेना. वर्षभर त्याला एकच गोष्ट छळत होती.

"एक विचारू? तुला खरं काय हवं होतं? माग की पैसे?"

"मला विणायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही माग ठेवला असता, तर तुमचे पंचवीस आणि तोड्यांचे पंचवीस, असा मी नवा घेतला असता. म्हणून पन्नास म्हटलं. तुम्ही काय उचलता याची मला भीती नव्हती." मग तिनं धोटा हातात घेतला आणि सहजच विचारलं, "तुम्हाला काय हवं होतं?"

विणकर टोपली काखेत धरून उभा राहिला. त्यानं खूप आठवून पाहिलं. दहा आठवले, साठ आठवले, खड्डा आठवला, काडीचा तुकडा आठवला. आपल्याला काय हवं होतं ते मात्र काही केल्या आठवेना. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या बाजारी किती कांड्या आणू?"

"चाळीस," ती म्हणाली. "आणि जरा घट्ट भरा."

तात्पर्य: दुसऱ्याला काय मिळू नये याच हिशोबात जो गुंततो, त्याला स्वतःला काय हवं होतं तेच शेवटी सांगता येत नाही.