निवलेला चहा आणि तापलेलं घर

अकोल्यात मे महिना पेटला होता आणि कुमुदताईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. दिवाणखान्यात हरित, म्हणजे कमी वीज लागणाऱ्या घरांचे सल्लागार धारकर पंख्याखाली ऐसपैस बसून कुमुदताईंच्या यजमानांना पटवत होते, "घर तापतं, कूलर वीज खातो. हरित घराच्या नियमांत बसायचं, तर हे पाडा आणि नवं बांधा." यजमान मान डोलावत होते.

"भिंती गार आहेत हो, तापतं ते फक्त छप्पर," कुमुदताई येरझारा घालत पुन्हा म्हणाल्या. "त्यावर सावलीचं आच्छादन घातलं की झालं."

"ताई, हे शास्त्र आहे. तुम्ही चहाचं बघा."

चहा आला, पण बोलण्याच्या भरात तो निवून गेला. घोट घेताच धारकरांनी तोंड वाकडं केलं. "अहो, हा तर गार झाला!"

"कपच वाईट. फोडते आणि नवा आणते." कुमुदताईंनी कप उचलून फरशीवर नेम धरला.

"अहो, थांबा!" धारकर ओरडले. "धड कप कशाला फोडताय? वर नुसती बशी झाकली असती तरी भागलं असतं!"

"मग धड घर कशाला पाडताय, साहेब?"

धारकरांनी त्यांच्या हातून कप घेतला आणि तो गार चहा संपवला. यजमान मात्र केव्हाच उठले होते. "अगं, शिडी कुठंय आपली?"