खवलीमावशी आणि कुरकुरी मुंगी

एका गावाबाहेर विहिरीच्या काठावर पेरूचं एक झाड होतं. झाडाच्या मुळाशी मुंग्यांचं वारूळ होतं आणि झाडाच्या मधल्या फांदीवर खवलीमावशी राहायची.

खवलीमावशी म्हणजे एक किडा. तिळाएवढी, तपकिरी, पोट चपटं आणि पाठ फुगीर. माशाच्या अंगावरचं खवलं फांदीला चिकटावं तशी ती दिसायची, म्हणून सगळे तिला खवली म्हणायचे. लहानपणी तिला चांगले धावते पाय होते. त्या पायांनी ती या फांदीवर आली, तिनं एक कोवळी जागा पाहिली, सालीत आपली सोंड खुपसली आणि बसली ती बसलीच. पुढं पाय सुकून गेले आणि मावशीचं फिरणं कायमचं थांबलं.

बसल्या जागी ती झाडाचा रस प्यायची. तिला लागायचं थोडं आणि प्यायलं जायचं भरपूर, म्हणून उरलेली साखर थेंबाथेंबानं तिच्या मागच्या बाजूनं बाहेर पडायची. आता नाक मुरडू नका! तो थेंब पाण्यासारखा नितळ आणि मधासारखा गोड असायचा. खोटं वाटत असेल तर त्या मुंग्यांना विचारा. अख्खं वारूळ त्या थेंबांवर जगत होतं.

मुंग्या काही फुकट खायच्या नाहीत हं. थेंब पानावर तसाच पडून राहिला की त्यावर काजळी धरते आणि पान काळंठिक्कर होतं. मुंग्या थेंब वेळेवर उचलायच्या, फांदी लख्ख ठेवायच्या आणि खवलीला खायला कुणी आलं तर त्याला चावून पळवून लावायच्या.

थेंब न्यायची त्यांची एक रीत होती. कुणीही मुंगी मावशीपाशी गेली की आधी मिशांनी तिच्या पाठीवर हलकेच दोनदा टकटक करायची आणि विचारायची, "मावशी, आहेस का घरात?"

मावशी म्हणायची, "आहे गं बाई. कुठं जाणार!"

मग दोघी हसायच्या आणि थेंब मिळायचा. थट्टा रोजचीच होती, पण मावशीला तिचा कंटाळा यायचा नाही.

त्या वारुळात एक मुंगी होती, तिचं नाव कुरकुरी. आईनं ठेवलेलं नाव वेगळंच असेल, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ऊन पडलं की तिला चटके बसायचे, ढग आले की तिचे सांधे दुखायचे. रांगेत पुढची मुंगी हळू चालते आणि मागची ढकलते, हे तिचं रोजचं गाऱ्हाणं. कुरकुरी येताना दिसली की बाकीच्या मुंग्यांना एकदम कामं आठवायची.

खवलीमावशीला मात्र उठून जाता यायचं नाही. म्हणून कुरकुरी तिच्याकडं यायची, टेकून बसायची आणि मन मोकळं करायची.

"आज पुन्हा मला ओलं पान ओढायला लावलं. मीच सापडते सगळ्यांना!"

"मग? ओढलंस ना?"

"ओढलं. पण पाठीचं पार भुसकट झालं."

"घे मग, आज थेंब जरा मोठा आहे," मावशी म्हणायची. तेवढ्यानं कुरकुरीचं तोंड दहा मिनिटं तरी बंद व्हायचं. खरं सांगू? ऐकून घेणारं एक माणूस असलं की कुरकुर करणाऱ्यांचंही आयुष्य बरं जातं.

थंडीचे दिवस आले. मावशीची पाठ जास्तच फुगली, तपकिरी रंग गडद झाला आणि थेंब लहान लहान होत गेले. एका सकाळी कुरकुरीनं टकटक केली तेव्हा मावशीचा आवाज अगदी खोल गेला होता.

"आहे गं बाई. पण फार दिवस नाही."

"काहीतरी बोलू नकोस," कुरकुरी वैतागून म्हणाली. भीती वाटली की ती वैतागायची.

"ऐक तर. माझ्या पोटाखाली अंडी आहेत. माझी लेकरं. उचलून कुठं न्यायला मला पाय नाहीत, म्हणून त्यांना मी माझंच छप्पर करून दिलंय. मी गेले तरी पाठ अशीच राहील. हे छप्पर हललं तर ती वाऱ्यानं वाळून जातील. पालवी फुटेपर्यंत तेवढं सांभाळशील का?"

"मलाच का सांगतेस? माझ्या मागं काय कमी कामं आहेत?"

"तू रोज येतेस म्हणून," मावशी म्हणाली, आणि तिनं एक थेंब दिला. खसखशीच्या दाण्याएवढा होता. कुरकुरी तो घेऊन खाली गेली, आणि त्या दिवशी तिनं कुणाशीही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं टकटक केली. "मावशी, आहेस का घरात?"

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा टकटक केली, जरा जोरानं. फांदीवर वारा तेवढा वाहत होता. कुरकुरी मावशीच्या पाठीला टेकून बसली आणि खूप रडली.

नेमक्या त्याच आठवड्यात विहिरीपलीकडं उसाचं गुऱ्हाळ सुरू झालं. चुलाणावर मोठी काहील चढली, रस उकळायला लागला आणि गुळाचा वास थेट वारुळात शिरला. मुंग्या वेड्यासारख्या निघाल्या. तिथं जमिनीवर काकवी सांडलेली होती, गुळाचे खडे पडलेले होते, आणि कुणाच्या पाठीवर टकटक करायची गरज नव्हती.

"चल की!" थोरली मुंगी कुरकुरीला म्हणाली. वारुळात थोरलीचा शब्द चालायचा. "खवली मेली. आता तिथं थेंब नाही. जिथं थेंब नाही तिथं पहारा कशाला?"

"तिची लेकरं आहेत खाली."

"दिसली का तुला?"

"नाही."

"हलली का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," कुरकुरी फणकारली. "तुम्ही जा. त्या काकवीनं माझा घसा धरतो."

आणि ती मागं राहिली. रोज सकाळी ती मावशीच्या पाठीवर टकटक करायची, "मावशी, आहेस का घरात?" म्हणून विचारायची, उत्तर आलं नाही तरी टेकून बसायची आणि आपली गाऱ्हाणी सांगायची. पोट खपाटीला गेलंय, वारा झोंबतोय, त्या थोरलीला फार शिंगं फुटलीत, असं सगळं. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या मुंगीचं डोकं फिरलंय. तिला स्वतःलाही कधी कधी तसं वाटायचं. तिळाएवढ्या छपराखाली काहीच नसेल तर? पण तिनं एकदाही कडा उचलून पाहिली नाही. उचलली असती तर छप्पर सैल झालं असतं.

मधूनच एखादी मैत्रीण गुऱ्हाळावरून यायची आणि तोंडातली काकवी तिला भरवायची. "कसं आहे?" म्हणून विचारायची.

"गोड आहे," कुरकुरी म्हणायची. "पण काकवीशी बोलता येत नाही ना."

आता मुंग्यांची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मुंग्या डोळ्यांनी फारसं ओळखत नाहीत, वासानं ओळखतात. वारुळात स्वच्छता फार. कशाला मेल्याचा वास आला की सफाईवाल्या मुंग्या येतात आणि ते उचलून लांबच्या उकिरड्यावर नेऊन टाकतात. आत कोण आहे, कसं आहे, हे त्या पाहत बसत नाहीत. वास आला की उचलायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

पालवी फुटायच्या बेतात होती तेव्हा थोरलीचं फांदीकडं लक्ष गेलं. "ते मेलेलं टरफल अजून तिथंच आहे? काढून टाका," तिनं सांगितलं.

सफाईवाल्या मुंग्या रांगेनं वर आल्या. कुरकुरी मावशीच्या पाठीवर चढून पाय रोवून उभी राहिली.

"हिला हात लावायचा नाही!"

पहिल्या सफाईवालीनं तिच्याकडं पाहिलं, मिशा पुढं केल्या आणि हुंगलं. इतके दिवस मावशीला टेकून बसून कुरकुरीच्याही अंगाला तोच वास लागला होता.

"ही पण मेलीय," ती मागच्या मुंग्यांना म्हणाली.

"कोण मेलीय? मी बोलतेय ना!"

"मेलेल्यांनी बोलू नये," सफाईवाली म्हणाली. तिनं कुरकुरीला कमरेत पकडलं, आणि पाय झाडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या कुरकुरीला सगळ्यांनी मिळून फांदीवरून, खोडावरून, विहिरीच्या काठानं नेऊन उकिरड्यावर टाकलं.

कुरकुरीला आधी संताप आला. मग तिच्या लक्षात आलं की तिला उचलायला सगळीच्या सगळी रांग खाली आली होती. मावशीपाशी कुणीच राहिलं नव्हतं! ती धडपडत उठली आणि जवळच्या वाटेनं सफाईवाल्यांच्या आधी फांदीवर पोचली.

सफाईवाल्या वर आल्या तर मावशीच्या पाठीवर पुन्हा एक मेलेली मुंगी. त्यांनी ती उचलली आणि उकिरड्यावर नेली. परत आल्या तर पुन्हा तीच. आधी मिळेल ते मढं उचलायचं, अशी त्यांची शिस्त. ती मोडणार कोण?

एरवी पुढची हळू चालते म्हणून ओरडणारी कुरकुरी आता वाटेत मुद्दाम जड होऊन लटकत होती. "अगं सावकाश! माझी तंगडी! असं नेतात का मेलेल्यांना?" अशी ती सारखी कुरकुरत होती. सफाईवाल्या दमल्या. कुरकुरीचा एक पाय लचकला, मिशीचं टोक तुटलं, आणि उपाशी पोटी चढून चढून तिला धाप लागली. शेवटच्या खेपेला ती खोडावरून घसरली. पुन्हा चढली, पण तोवर उशीर झाला होता.

सफाईवाल्या मावशीभोवती गोल उभ्या होत्या. एकीनं कडेला दात लावले होते. थोरलीही आली होती.

कुरकुरीला आता भांडायचंही बळ नव्हतं. ती लंगडत मावशीपाशी गेली. काय करावं ते तिला सुचेना. रोजच्या सवयीनं तिनं तुटक्या मिशीनं हलकेच दोनदा टकटक केली आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "मावशी, आहेस का गं घरात?"

आणि छपराखालून असंख्य बारीक आवाज आले.

"आहोत गं मावशी! कुठं जाणार!"

सफाईवालीनं दचकून दात मागं घेतले. छपराच्या एका फटीतून मोहरीहूनही लहान, पिवळसर, लुकलुकणारं पिल्लू बाहेर आलं. त्याच्या मागून दुसरं, मग तिसरं, मग मोजायला कुणाला सुचलंच नाही. सगळ्यांना चांगले धावते पाय होते.

"तुम्ही मला कशी ओळखता?" कुरकुरीनं विचारलं.

"तू रोज यायचीस ना," पहिलं पिल्लू म्हणालं. "छपरातून ऐकू यायचं. पोट खपाटीला गेलंय, वारा झोंबतोय, थोरलीला शिंगं फुटलीत!"

सगळ्या मुंग्यांनी थोरलीकडं पाहिलं. थोरलीनं घसा खाकरला. मग काय झालं कुणास ठाऊक, ती खुदकन हसली.

पिल्लं नव्या पालवीकडं धावली, आपापली कोवळी जागा शोधून बसली. थोड्याच दिवसांत गुऱ्हाळ बंद झालं, काहील उतरली, आणि सांडलेल्या काकवीवर धूळ बसली. मुंग्या रिकाम्या तोंडानं घरी आल्या. खालमानेनं फांदीवर गेल्या तर तिथं पानापानाशी नितळ गोड थेंब लागलेले होते. कुणी पहारा दिला होता आणि कुणी नाही, हे त्या पिल्लांनी एकदाही विचारलं नाही. ती आपल्या आईवर गेली होती.

पहिला थेंब कुरकुरीला मिळाला. खसखशीच्या दाण्याएवढाच होता. तिनं तो तोंडात धरला आणि बराच वेळ गिळला नाही.

मावशीचं रिकामं छप्पर मात्र कुणी काढलं नाही. थोरलीनंच तशी ताकीद दिली. त्या झाडावर चढणारी प्रत्येक मुंगी अजूनही आधी त्या छपरापाशी थांबते, दोनदा टकटक करते आणि मग पुढं जाते. आत कुणी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुरकुरी त्याच्याच सावलीला लचकलेला पाय पसरून बसते, आणि आता तिची गाऱ्हाणी ऐकायला फांदीभर भाचरं आहेत.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ज्यांच्या दारातून आपण रोज गोडवा नेला, ते दार एक दिवस गप्प झालं तरी टकटक करायची सोडू नये.