शेजाऱ्याचा तेलाचा डबा

सन २०००. शरद ऋतू. इस्राएलमधल्या एका डोंगराळ गावात ऑलिव्हची तोडणी चालली होती. तिथे रहमीम झिराडकर राहत असे. तो मूळचा कोकणातला ज्यू, पिढीजात तेली. त्याचे वाडवडील शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

ओढ्यापलीकडे पॅलेस्टिनी गाव होते. तिथे नाएफचा घाणा होता. नाएफ शुक्रवारी नमाजाला जाई, घाणा बंद. रहमीम त्याला चिडवी, "तू शुक्रवार तेली. आपण दोघं मिळून गिऱ्हाइकाला दोन दिवस उपाशी ठेवतो."

रहमीम आपली ऑलिव्ह नाएफच्या घाण्यावर गाळून घेई; गाळायची मजुरी तेलातच द्यायची रीत होती. त्या वर्षी रहमीमचे रिकामे डबे कमी पडले. तो म्हणाला, "उद्या डबा आणून तुझा वाटा देतो."

"परवा दे. तेल कुठं पळून जातंय?"

त्याच रात्री दंगे पेटले आणि रस्ता बंद झाला. पुढे तिथे तारेचे कुंपण आले, फाटक आले, पहारा आला. दोन्हीकडची माणसे मेली. तेल्याने तेल्याचे तेल ठेवले, ही गोष्ट रहमीमला झोपू देईना.

तेल जुने झाले की खवट होते. म्हणून दर हंगामात तो नाएफचा डबा रिकामा करी आणि नव्या तेलाने भरी. मग कुंपणाजवळ जाऊन पलीकडचे नाएफच्या घाण्याचे धुराडे पाहत उभा राही.

बायको लेआबाई म्हणे, "तो तुमचं नाव तरी काढत असेल का?"

"तेल त्याचं आहे."

वर्षे गेली. एका हंगामाच्या शेवटी, शुक्रवारी दुपारी, निरोप आला की पलीकडच्यांना कुंपणाच्या या बाजूला राहिलेल्या त्यांच्या झाडांकडे येऊ देणार आहेत. फाटक शनिवारी सकाळी थोडा वेळ उघडेल.

लेआबाई म्हणाली, "जन्मभर शब्बाथ पाळलात. आता ओझं उचलणार?"

"शनिवारी नाही."

शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो, म्हणून त्याआधीच त्याने डबा फाटकापाशी नेऊन ठेवला आणि शेजारी बसला. थंडी होती. पहाऱ्यावरच्या शिपायाने हाकलून पाहिले. तो उठला नाही.

सकाळी नाएफ आला. केस पिकलेले, हातात काठी. रहमीमने डब्याकडे बोट दाखवले, "तुझा वाटा."

"तेव्हाचं तेल? ते कधीच खवटलं असेल."

"चाखून बघ."

नाएफने बोट बुडवून चाखले. "हे तर यंदाचं आहे."

"दरवर्षी बदलत होतो."

नाएफने मान वळवून डोळे पुसले. मग म्हणाला, "आण इकडे."

"आज मी उचलत नाही. तुझं आहे, तूच उचल."

नाएफने काठी काखेत धरली, डबा खांद्यावर घेतला आणि फाटकातून पलीकडे नेला.

तात्पर्य: तह करणे राज्यकर्त्यांच्या हाती असते, पण फाटक उघडेल त्या दिवशी शेजाऱ्याला तोंड दाखवता यावे, असे वागणे आपल्या हाती असते.