पाहुण्याच्या वहाणा

"मग त्याचं पुस्तक चालतं आणि तो चालत नाही, हे कसं?"

तिसऱ्या दिवशी मी मठाचे प्रमुख अब्बा हातरे यांच्या दारात उभा राहून हे ओरडून विचारलं. आधीचे दोन दिवस नीट विचारलं होतं.

अब्बा खजुरीच्या पातीची चटई विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण तो?"

"तुम्हाला माहीत आहे कोण."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"माझा दादा. थेओन. सात दिवसांपूर्वी गेला. तुमच्या भिंतीबाहेर, उंटवाल्यांना पुरतात तिथे पुरला."

"हं," अब्बा म्हणाले आणि एक पात दातांनी तोडली.

मला अक्षर येत नाही. जे घडलं ते तसंच सांगतो.

दादा मठातला नव्हता. तो लेखनिक होता. अलेक्झांड्रिया शहरात तो ओसरीवाल्यांकडे शिकला. ज्यांना स्टोइक म्हणतात ते हे तत्त्वज्ञ. त्यांचा पहिला गुरू ग्रीसमध्ये एका ओसरीत बसून शिकवायचा, म्हणून ओसरीवाले. दादाचे गुरुजी मेले तेव्हा त्यांच्या वचनांचं एक पुस्तक दादाकडे आलं. ते घेऊन आम्ही दोघं या वाळवंटातल्या ख्रिस्ती मठात आलो. दादा लिहायचा. मी त्याच्यासाठी लिहायची कातडी खरवडून गुळगुळीत करायचो.

अब्बांना पुस्तक आवडलं. पण बंधू लोक परक्या तत्त्वज्ञाचं ऐकणार नाहीत, म्हणून त्यांनी एक तोड काढली. पुस्तकात जिथे जिथे गुरुजींचं नाव होतं, तिथे ते मी रापीने खरवडायचं आणि दादाने त्या जागी प्रेषिताचं नाव लिहायचं. बाकी वाक्य तसंच.

चाळीस पानं केली. मला राग यायचा.

दादा हसायचा. "गुरुजी असते तर हसले असते, सेरेन. नाव काही त्यांच्या हातातलं नव्हतंच. बोलणं होतं, ते आहे की."

आता रोज दुपारी जेवताना ते पुस्तक वाचतात. सगळे बंधू माना डोलावतात. आणि ज्याने ते लिहिलं त्याचं नाव मेलेल्यांच्या फळीवर घालत नाहीत.

त्या फळीवर मठातल्या मृतांची नावं आहेत. दर रविवारी भाकर मोडण्याआधी ती मोठ्याने वाचतात.

"उद्या रविवार आहे," मी म्हणालो. "त्याचं नाव वाचलं गेलं पाहिजे. ते झाल्याशिवाय मी या दारातून हलणार नाही."

"झालं का याचं पुन्हा सुरू?"

मागून बंधू देमास आले. ते मठाचे कारभारी. कमरेला किल्ल्या आणि कपाळाला आठ्या, दोन्ही कायमच्या.

"किती वेळा सांगायचं रे? तुझ्या भावाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. बाप्तिस्मा नाही, तर फळीवर नाव नाही. नियम आहे."

"तो घेणार होता."

"कधी? दोन वर्षं इथं जेवला. आम्ही विचारलं की म्हणायचा, बघू."

हे खरं होतं. दादा मला म्हणायचा, ओसरीवाल्यांचा देव सगळीकडे आहे, झाडात, दगडात, आपल्या डोक्यात. पण हाक मारली तर वळून बघत नाही. अब्बांचा देव बघतो म्हणतात. बघू, एवढं पुस्तक हातावेगळं होऊ दे.

पुस्तक झालं आणि ताप आला.

"उंटवाल्यांचे उंटही इथं पाणी पितात," देमास म्हणाले. "म्हणून काय त्यांची नावं फळीवर घालायची?"

मी त्यांच्या अंगावर गेलो. किल्ल्या खणखणल्या. अब्बांनी चटईवरून हात उचलला, एवढंच. मी थांबलो.

"देमास," अब्बा म्हणाले, "काल जेवताना तू डोळे पुसलेस. कोणतं वाक्य होतं?"

देमास जरा लाजले. "ते... पाहुण्याचं."

"म्हण की."

"'जाणाऱ्या पाहुण्याला अडवू नकोस. त्याच्या वहाणा शोधून दे.'" त्यांचा आवाज मऊ झाला. "माझी आई गेली तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं, तर... प्रेषितांशिवाय असं कोण बोलणार?"

"प्रेषित नाही बोलले ते," मी म्हणालो. "दादाचे गुरुजी बोलले. नाव मीच खरवडलं. या हाताने."

देमासनी अब्बांकडे पाहिलं. अब्बा पात निवडत होते.

"अब्बा... खरं हे?"

"खरं."

"चाळीसही पानं?"

"चाळीसही."

"म्हणजे आम्ही इतके दिवस एका मूर्तिपूजकाच्या..." त्यांनी किल्ल्या मुठीत धरल्या. "ही चोरी आहे, अब्बा!"

"आहे," अब्बा म्हणाले. "नाव खरवडता आलं. वाक्य खरवडायला माझा हात धजला नाही."

"पण तुम्ही, तुमच्यासारख्यांनी, ओसरीवाल्यांचं..."

"मी आत कुठून आलो, देमास? ओसरीतूनच. दहा वर्षं बसलो होतो तिथे. घरात शिरायला ओसरी लागते रे. काही जण छपरातून पडतात म्हणा. तुझ्यासारखे."

मला हसू आलं. सात दिवसांत पहिल्यांदा. लगेच त्या हसण्याचाच राग आला.

"मग माझा दादा?" मी म्हणालो. "तो ओसरीतच मेला. त्याचं काय?"

अब्बांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या काखेकडे. काखेत एक गाठोडं होतं. तीन दिवस मी ते खाली ठेवलं नव्हतं.

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

"काही नसलेलं इतकं घट्ट धरत नाहीत."

मी गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

"शेवटी काय म्हणाला तो?"

...

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"वहाणा दे म्हणाला."

देमासच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"ताप फार होता. 'सेरेन, माझ्या वहाणा कुठे आहेत, दे.' मला ते वाक्य माहीत होतं. इतक्यांदा ऐकलं होतं त्याच्या तोंडून. मला कळलं तो काय मागतोय. मी वहाणा उचलल्या आणि कातड्यांच्या ढिगाखाली लपवल्या."

"का?"

"वहाणा नसल्या तर जाणार कसा?"

कुणी हसलं नाही.

"त्याने खाटेवरून पाय खाली सोडले. पायांनी जमीन चाचपत होता. मी समोर बसून बघत होतो. म्हणालो, नाहीत वहाणा, दादा, हरवल्या. म्हणाला, नीट बघ. दुपारभर चाचपत होता. मग थांबला... अनवाणीच पुरलं त्याला. मी कुणाला बोललो नाही."

अब्बांच्या हातातली पात खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

बाहेर कुणीतरी विहिरीचं रहाट फिरवत होतं.

"आता म्हणा," मी म्हणालो. "म्हणा, रडू नकोस. ओसरीवाले म्हणतात तसं."

"नाही म्हणत."

"मग म्हणा, तो देवाच्या घरी गेला. तुम्ही लोक म्हणता तसं."

"तेही नाही म्हणत."

"मग काय म्हणता?"

"रापी आहे का कमरेला?"

होती. ती नेहमी असते.

"देमास, फळी आण."

"अब्बा, नियम..."

"फळी आण."

देमास गेले आणि फळी घेऊन आले. चुना फासलेली लाकडी फळी, माणसाच्या छातीएवढी उंच. वरपासून खालपर्यंत काळ्या शाईची नावं. एका बोटाचीही जागा नव्हती.

"भरली आहे," देमास म्हणाले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "बघ, तूच बघ. आता नवी फळी उन्हाळ्यानंतर. सुतार येईल तेव्हा."

"एक नाव काढावं लागेल," अब्बा मला म्हणाले. "तुझं काम आहे हे. काढ."

"कोणतं?"

"सगळ्यात खालचं."

"अब्बा, ते नको!" देमास पुढे झाले.

मी विचारलं नाही कुणाचं. विचारायला हवं होतं. कुणीतरी मेलेला माणूस, त्यालाही भाऊ असेल, तोही असाच कुठल्या दारात उभा राहिला असेल. हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा मला फक्त जागा दिसत होती. मी गुडघ्यावर बसलो आणि रापी चालवली. चुना भुरभुर पडला. चार हातांत नाव गेलं. माझा हात साफ आहे, दादा म्हणायचा.

देमास भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

मग मी विचारलं. "कुणाचं होतं?"

"माझं," अब्बा म्हणाले.

मला कळलं नाही.

"वीस वर्षं," देमास म्हणाले. माझ्याशी बोलत होते की फळीशी, कोण जाणे. "वीस वर्षं दर रविवारी ते मेलेल्यांची नावं वाचतात, आणि शेवटी स्वतःचं. मग भाकर मोडतात."

"ओसरीत शिकलो होतो ते," अब्बा म्हणाले. "रोज थोडं मरून बघायचं. म्हणजे त्या दिवशी गडबड होत नाही. इथे आल्यावर सोडलं नाही, एवढंच."

"मग ते मला का काढायला लावलंत?" मी ओरडलो. "दुसरं कुठलंही..."

"दुसरं कुठलं माझं नव्हतं. दुसऱ्याचं कसं देऊ?"

त्यांनी शाईची कुपी ओढली, बोरू बुडवला. वय झालं होतं, तरी एकेक अक्षर नीट काढलं. मला वाचता येत नाही, पण एवढं एकच नाव मला ओळखू येतं. दादाने वाळूत काढून शिकवलं होतं. माझं आधी शिकवणार होता, मीच म्हणालो होतो, आधी तुझं.

थेओन.

"याला बाप्तिस्मा नाही, अब्बा," देमास हळू म्हणाले. आता आवाजात भांडण नव्हतं. "उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, दोन वर्षं आपल्या ओसरीत बसला होता. दार आतून बंद होतं."

"दार तर कधीच..."

"तू पुस्तक ऐकून रडलास. लिहिणाऱ्याला एकदा तरी विचारलंस, बाबा, तुझं कसं चाललंय?"

देमासनी वाकून फळीवरची चुन्याची भुकटी फुंकली, अलगद, ओल्या शाईला लागू नये अशी. फळी उचलली. दोन्ही हातांनी, छातीशी. किल्ल्या अजिबात वाजू न देता गेले.

मला हवं होतं ते मिळालं होतं. उद्या दादाचं नाव वाचलं जाणार होतं. मी उठलो. डोळे पुसले, रापी कमरेला खोचली, गाठोडं काखेत घट्ट केलं आणि निघालो.

"सेरेन."

मी वळलो.

"नाव झालं. वहाणा?"

"त्या राहू द्या माझ्याकडे," मी म्हणालो. "तेवढंच उरलंय त्याचं. नावासाठी तुम्ही म्हणाल ते करीन. वहाणा मात्र नाही देणार."

अब्बांनी खाली पडलेली पात उचलली. झटकली. चटई जिथे सोडली होती तिथे तिचं टोक शोधलं.

दाराबाहेर भिंतीच्या पलीकडे वाळू पांढरी झाली होती. तिच्यावर नजर ठरत नव्हती.

"ऊन तापलंय, पोरा," ते म्हणाले. "आणि तो सात दिवस उंबऱ्यात उभा आहे."