झोपाळ्यावरचं गाणं आणि सोन्याचा तराजू

एका राज्यात कोण सरस नि कोण उणं, हे ठरवण्याचा लोकांना भारी नाद होता. सुगी सरली की तोलणीचा सण यायचा. माळ्यांचे भोपळे, कुंभारांचे रांजण, इतकंच काय, शिपायांच्या मिशासुद्धा राजवाड्यासमोर मांडल्या जायच्या. यापेक्षा ते लांब, त्याहून हे भारी, असा दिवसभर नुसता गलका. संध्याकाळी मात्र हरलेला भोपळा नि जिंकलेला भोपळा एकाच कढईत शिजायचा आणि सगळं राज्य एका पंगतीला बसायचं. पुढे एक तराजू आला आणि गेले हो ते दिवस!

राजा धवलकीर्तीची थोरली लेक हेमलेखा, तिच्या जिभेवर त्या भाजीची चव अजून रेंगाळायची. मग तिला झोपाळा आठवायचा. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला धाकटी चारुमती. झोका पुढे गेला की थोरलीनं आईच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायची, मागे आला की धाकटीनं दुसरी. आई देवाघरी गेली, तरी कड्या करकरत राहिल्या नि गाणं चालू राहिलं.

अशात विकटकर्मा नावाचा मांत्रिक दरबारी आला आणि त्यानं सोन्याचा तराजू नजर केला. हा तराजू कधी चुकत नाही, म्हणाला. हरलेल्याचा गुण तराजू काढून घेतो, तो मांत्रिकाच्या गुहेतल्या रांजणात जाऊन पडतो आणि हरलेल्या माणसाचं पाखरू होतं, हे मात्र लबाडानं सांगितलं नाही. राजाला कोण उत्साह! त्यानं आधी आपल्याच लेकींची गाणी तोलायला घेतली. दोघींना वेगवेगळं उभं केलं, एकेकीला एकटीनं गायला लावलं. हेमलेखेचं पारडं खाली गेलं. त्यासरशी चारुमतीचा गाता गळा आटला, तिला पंख फुटले आणि ती साळुंकी होऊन तुळईवर जाऊन बसली. राजानं कपाळ बडवून घेतलं. हेमलेखा जिंकली होती, आणि तिला वाटलं, आपल्याइतकं हरलेलं या जगात कुणी नसेल.

साळुंकीला खांद्यावर घेऊन तिनं मांत्रिकाची गुहा गाठली. कोपऱ्यातल्या रांजणात चारुमतीचा सूर घुमत होता.

"तीन वस्तू तोलून दाखव, मग बहीण परत मिळेल," विकटकर्मा म्हणाला. "मधाहून गोड, वाऱ्याहून चपळ, आणि शेवटी तुझ्या गाण्याहून सुरेल असं गाणं. पुढच्या तोलणीपर्यंत हे झालं नाही, तर ही आपण माणूस होतो हेच विसरेल."

हेमलेखा वाळवंट तुडवत निघाली. घशाला कोरड पडून जीव कासावीस झाला, तेव्हा तिला एक विहीर सापडली. पहिला घोट घेतला, नि तेच पाणी तिनं घागरीत भरून आणलं. मधासमोर पाण्याचं पारडं खाली गेलं. पण त्या दिवसापासून राज्यातला मध मातकट लागू लागला आणि पोरं बोट चाटून तोंड वाकडं करू लागली. दुसऱ्या खेपेला तिनं आरसा आणला. त्यावरची उन्हाची तिरीप या डोंगरावरून त्या डोंगरावर वाऱ्याआधी पोचली. पारडं झुकलं आणि राज्यातला वारा पडला. खळ्यांवर उपणणी थांबली, धान्य नि भूस एकात एक पडून राहिलं.

हेमलेखा चरकली. आपण काम फत्ते करतोय की रांजण भरतोय? इकडे साळुंकीचे शब्द रोज कमी होत होते. आता तिला एवढंच म्हणता येई, "ताई, झोका."

तोलणीचा दिवस उजाडला. विकटकर्मा मिशीत हसत उभा होता. धाकटीचं गाणं सरस ठरलं, तर थोरलीचा गळा जाणार आणि तीच पाखरू होणार. एक सुटली की दुसरी अडकणार, हा त्याचा डाव. हेमलेखेला तो कळला होता. तरी ती तयार होती. तिनं फक्त एक मागणं मागितलं, जुना झोपाळा तराजूशेजारी टांगावा. राजानं स्वतः कड्या अडकवल्या.

एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला साळुंकी. झोका पुढे गेला.

"पैल डोंगरी चांदणं कुणी सांडलं गं बाई?"

पारडं हललं नाही. नुसता प्रश्न तो, त्याचं काय वजन होणार? झोका मागे आला. साळुंकीनं मान वर केली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या गाण्याला कंठ फुटला.

"चांदण्याची घागर घेऊन घरी येत होती आई."

दोन्ही ओळी एकाच पारड्यात उतरल्या. दुसऱ्या पारड्यात ठेवायला कुणाकडे काहीच नव्हतं. तराजू कशाशी तोलू, कशाशी तोलू म्हणत थरथरला आणि त्याची दांडी मधोमध मोडली. तिकडे गुहेतला रांजण फुटला. वारा सुटला, मध गोड झाला, विकटकर्म्याचा धूर होऊन गेला. झोपाळ्याच्या टोकाला चारुमती बसली होती, केसांत दोन पिसं अडकलेली.

संध्याकाळी पंगत बसली, कढईत भोपळे रटरटू लागले. लेकींकडे पाहून राजा म्हणाला, "आज तुमच्या दोघींत कुणाचा आवाज..." आणि तिथंच थांबला.

"म्हणा," राजा हळूच म्हणाला, "तुमच्या आईचं गाणं पुन्हा एकदा म्हणा."