ठकूमायची रिकामी झोळी

फार वर्षांमागची गोष्ट. काळ्या रानातल्या कवठसावळी गावात ठकूमाय नावाची सुईण होती. नवरा गेलेला, एकुलती लेक गंगू सासरी, आणि घरात बोलायला एक मांजर. तेही दुपारी शेजारी जेवायला जाई.

कापूस वेचणीचे दिवस आले की तान्ह्यांच्या आया तिच्या दारात उभ्या राहत. ठकूमाय अफूची गोळी द्यायची, मोहरीएवढी. ती चाटवली की लेकरू लिंबाला बांधलेल्या झोळीत दिवस मावळेपर्यंत निजायचं. "ठकूमायच्या हातात नीज आहे," असं बाया म्हणत. पण महिन्याभरात मोहरी पुरेना. ज्वारीएवढी लागे, मग मुगाएवढी. लेकरं वाळत चालली, भुकेलाही रडेनात. गावाला वाटायचं, किती गुणाची लेकरं!

एका वेचणीला गंगू आपल्या तान्हीला घेऊन माहेरी आली आणि बायांबरोबर रानात निघाली. ठकूमायनं नातीलाही गोळी दिली, जरा मोठीच, लेकीचा दिवस निवांत जावा म्हणून. संध्याकाळी गंगूनं झोळीत हात घातला. पोर गार पडली होती.

"माय, ती रडली असती तर मी आले असते गं," एवढंच गंगू बोलली आणि शिवेबाहेर निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

त्या दिवसापासून ठकूमायला शांतता सोसेना. गोळी एकदम तोडली तर लेकरं दगावतील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं गावातली गोळीची सवय लागलेली सातही लेकरं आपल्या खोपटात आणली आणि गोळी लहान लहान करत नेली. मुगाची ज्वारी, ज्वारीची मोहरी, आणि एक दिवस तीही नाही. लेकरं थरथरली, ओकली, रडून रडून त्यांचे घसे बसले. आया हात जोडत, "एकच दे, माय. बघवत नाही."

"रडू दे. रडतंय तवर आहे ते," ठकूमाय म्हणायची.

असं म्हणतात, की त्या दिवसांत ती खाली बसलीच नाही. आणि असंही म्हणतात, की सातही आया एकदम दारातून डोकावल्या, तर प्रत्येकीला आपलंच लेकरू तिच्या खांद्यावर दिसलं. बाईला खांदे किती, हे कवठसावळीत कुणी विचारत नाही.

सातही जगली. आयांनी ती घरी नेली आणि खोपटात पुन्हा कुणी उरलं नाही. ठकूमाय शिवेवरच्या लिंबाखाली वाटेकडे बघत बसू लागली. गावात कुठंही लेकरू रडलं, की बसल्या जागी ओ द्यायची, "आहे गं बाई, आहे." ती गेली त्या दिवशी गावातली सगळी तान्ही भूक नसताना एकदम रडली, असं म्हणतात.

अजूनही वेचणीच्या पहिल्या दिवशी त्या लिंबाला आधी एक रिकामी झोळी बांधतात. एक म्हातारी दिवसभर लेकरांपाशी बसते, निजलेल्याच्या नाकाशी हात धरून बघते. रडणाऱ्याला कुणी गप म्हणत नाही. त्याची आई "आले, आले" म्हणत ओटीतल्या कापसासकट धावत येते, आणि परत जाताना रिकाम्या झोळीलाही एक झोका देते.