पिंजू ससा एकदाच बोलला

एकदा काय झालं, एका राजाची राणी वारली. मागे राहिली एक मुलगी, हेमांगी. तुमच्याएवढीच होती, बरं का. राजा दिवसभर दरबारात, मुलगी महालात एकटी. मग राजानं तिला एक ससा आणून दिला. पांढराशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखा. तिनं त्याचं नाव ठेवलं पिंजू.

हेमांगीचा त्याच्यावर फार जीव. त्याला कडेवर घेऊन ती महालभर हिंडायची. पिंजू कान पाठीला चिकटवायचा, डोळे मोठे करून दगडासारखा राहायचा. ती म्हणायची, बघा कसा शहाणा आहे.

मग दसरा आला. चौकात नगारे वाजले. पिंजूनं मागचा पाय धपकन जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला. हेमांगीला वाटलं, नाचतोय. तिनं नगारे आणखी वाजवायला लावले.

मग पिंजू कोपऱ्यात जाऊन बसला. पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून, दात करकर वाजवत. तिला वाटलं, झोप आलीय. तिनं अंगावर शाल घातली. सकाळी बघते तर त्याच्यापुढची कोथिंबीर तशीच पडलेली.

मग मात्र ती घाबरली. धावत बागेत गेली. तिथे झाडात वनदेवी राहायची. हेमांगी म्हणाली, "देवी, माझ्या पिंजूला बोलता कर. त्याला काय होतंय ते मला कळू दे."

"करते, बाळ," वनदेवी म्हणाली. "पण एकदाच बोलेल तो."

हेमांगी परत आली. पिंजूनं मान वर केली आणि बारीक आवाजात म्हणाला, "ताई, मी तर रोजच बोलत होतो. कान पाडायचो तेव्हा म्हणायचो, भीती वाटते, खाली ठेव. पाय आपटला तेव्हा तुला सांगत होतो, धोका आहे, तू पळ. आणि काल म्हणत होतो, पोटात दुखतंय."

 हेमांगी म्हणाली, "आता मी काय करू रे?"

"उचलू नकोस. खाली बस, माझ्याजवळ."

ती जमिनीवर बसली. पिंजू सरकत सरकत आला, तिचा हात चाटला, तिच्या पायावर हनुवटी टेकवली. राजवैद्य आले, पण उशीर झाला होता. संध्याकाळी पिंजू गेला.

हो रे, गेला. ये, असा जवळ ये माझ्या.

हेमांगी खूप रडली. मग जेवायची वेळ झाली. राजा पानावर बसला होता, खांदे पाडून, घास हातात तसाच धरून. लोक म्हणायचे, महाराज कारभारानं थकलेत. तिलाही रोज तसंच वाटायचं. आज तिनं नीट पाहिलं. मग ती उठली आणि बाबांना चिकटून बसली.

राजाच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. म्हणाला, "तुझ्या आईची फार आठवण येते गं."

"मलाही येते, बाबा."

राणी गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच मिळून रडले. मग एकाच ताटात दूधभात जेवले.

पुढे बापलेक एकमेकांना सांभाळून सुखानं राहिले. पिंजूची आठवण यायची, ती येतेच. झाली गोष्ट. आता पाय पोटाशी घ्या आणि डोळे मिटा. मी आहे इथेच.